तीन दिवसांचा मुक्काम

दोंडाईच्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर निलोफरचं दुकान आहे. पाटीवरचं 'गफूर वॉच' पिवळ्या रंगात आहे, उन्हाने विटलेलं. त्यापुढचं 'अँड मोबाइल' निळ्या रंगात, नंतर घातलेलं. आत शिरलं की डाव्या हाताला एक फळी दिसते. दुरुस्त झालेले फोन तिथे ओळीने ठेवलेले असतात, प्रत्येकाच्या पाठीवर नावाची कागदी पट्टी. फोन चालू असतात, मध्येच वाजतातही, पण निलोफर ते कुणाला देत नाही. दुरुस्त झालेलं यंत्र तीन दिवसांच्या आत दुकानाबाहेर जात नाही, हा तिथला कायदा आहे.

कायदा तिच्या वडिलांचा. गफूरभाई घड्याळं दुरुस्त करायचे. तयार झालेलं घड्याळ ते तीन दिवस खिळ्याला टांगून ठेवत आणि रोज सकाळी रेडिओवरच्या वेळेशी ताडून बघत. शाळेत परीक्षा होती म्हणून मी एकदा घाई केली, तेव्हा ते म्हणाले होते, "गुरुजी, डॉक्टरसमोर पेशंट नीटच वागतो. एकटा असला की काय करतो ते बघू द्या जरा."

पुढे मोबाइल आले, घड्याळांचं काम कमी झालं आणि गफूरभाईंची नजरही अधू झाली. निलोफर त्यांची एकुलती एक मुलगी. तिने आठ महिने रोज सकाळच्या बसने धुळ्याला जाऊन मोबाइल दुरुस्ती शिकून घेतली. मग लग्न झालं, दोन मुलं झाली, गफूरभाई गेले, पण दुकानाचं दार रोज दहाला उघडत राहिलं. नवरा नईम गावातच वेल्डिंगचं काम करतो. निलोफर आता चाळिशीला आली आहे. वडिलांचं भिंग अजून तिच्या डोळ्याला असतं आणि बोलताना ती ते काढत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं, ही एका डोळ्याने आपल्याकडे बघते आणि दुसऱ्याने फोनकडे. तसं ती बघतेच.

तिच्याविषयी लिहावंसं वाटलं ते आमच्या घरातल्या एका गोष्टीमुळे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझी पत्नी कमलबाई हिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. तिला समजतं सगळं. पण काही बोलायला जावं तर तोंडातून नुसता हुंकार निघतो, आणि लिहायला जावं तर अक्षरं जुळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, त्यांची वाट बंद झाली आहे.

कमलची थोरली बहीण झुंबरबाई, म्हणजे आमच्या अक्का, नरडाण्याजवळच्या खेड्यात राहतात. या दोघी बहिणी रोज दुपारी तीनला फोनवर बोलायच्या, पार घरात तारेचा फोन होता तेव्हापासून. काय बोलायच्या ते मला माहीत नाही, कारण तीन वाजले की मी मागच्या ओट्यावरून उठून पुढच्या ओट्यावर जायचं, असा घरचा रिवाज होता. झटक्यानंतर अक्का एकदा येऊन गेल्या. पुढे गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास जमेना. फोन मात्र तीनला यायचा. अक्का बोलायच्या, कमल फोन कानाला लावून नुसती बसायची. मग फोन एक दिवसाआड येऊ लागला, मग आठवड्याने. एकदा मी उचलला तेव्हा अक्का म्हणाल्या, "भाऊ, मी एकलीच बडबडस. भीतसंगे बोलस असं वाटस. ती ऐकी र्‍हायनी का नही, ते बी समजत नही."

भिंतीशी बोलणं त्यांनी सोडलं; त्यानंतर फोन आलाच नाही. तीन वाजले की कमल फोनकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.

चित्रावर बोट ठेवलं की टॅब आपल्या वतीने बोलतो, असं ॲप असतं हे आमच्या मुलीने, दिपमालाने, शोधून काढलं. ती जळगावात असते. पण टॅब कोणता घ्यायचा यावरून तिची आणि पुण्याच्या कुंदनची, तिच्या मोठ्या भावाची, जुंपली. कुंदन आयपॅडच्या बाजूने.

"एकदा घेतला की पाच-सात वर्षं बघायला नको," तो म्हणाला. "अडकत नाही, आणि नवीन सुधारणा वेळेवर येतात."

"अँड्रॉइडचा चार्जर शेजारच्या घरात मिळतो," दिपमाला म्हणाली.

"चार्जर मिळतो म्हणून टॅब घ्यायचा?"

"तुझा पुण्यात दुरुस्त होतो, दादा. आई पुण्यात नाहीये."

शेवटी दोघांनी आपापल्या घरातला एकेक टॅब आणून माझ्यासमोर ठेवला. चौतीस वर्षं पेपर तपासलेला माणूस अशा वेळी दुसरं काय करणार. मी एक ताव आखला. बॅटरी, पडदा, आवाज, वेग, मराठी आणि हाताळणी, असे सहा विषय. जेवणाच्या टेबलावर, पंख्याखाली बसून आठवडाभर दोघांची परीक्षा घेतली. आयपॅडचा कारभार शिस्तीचा. बोट टेकण्याआधीच समजल्यासारखं करतो आणि बॅटरी दिवसभर पुरते. अँड्रॉइडमध्ये मोकळीक जास्त. मांडणी हवी तशी बदलता येते, मराठी लिहायचे प्रकारही अनेक. बेरीज झाली ती अशी: आयपॅड शहाऐंशी, अँड्रॉइड एकोणऐंशी. निकाल आणि दोन्ही टॅब घेऊन मी निलोफरकडे गेलो. तिने फक्त ॲप घालून द्यावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

तिने ताव भिंगाखाली धरून वाचला.

"सर, अक्षर सुंदर आहे."

"निकाल कसा वाटला?"

"पेपर कोणी सोडवला?"

"टॅबनी."

"तुम्ही सोडवला. उजव्या हाताने, पंख्याखाली." तिने ताव घडी करून मला परत दिला. "काकू कुठे आहेत यात?"

मी ताव खिशात घातला.

"दोन्ही इथे ठेवून जा," ती म्हणाली. "तीन दिवस राहू देत. आणि रोज तीनला काकूंना घेऊन या."

"तीनला ऊन किती असतं, निलोफर. एप्रिल आहे."

"म्हणूनच तर सांगते."

पहिल्या दिवशी आम्ही रिक्षाने पोचलो तेव्हा दोन्ही टॅब काउंटरच्या कडेला उन्हात ठेवलेले होते आणि दोघांनीही तापल्याची तक्रार पडद्यावर लिहिली होती. "दोघांच्याही माहितीपत्रकात पस्तीस डिग्रीपर्यंतच लिहिलंय," निलोफर म्हणाली. "आपल्याकडे पस्तीसला लोक स्वेटर शोधतात. घरी कोणताही नेलात तरी माठाशेजारी ठेवायचा, सावलीत."

दुसऱ्या दिवशी तिने कमलला स्टुलावर बसवून डाव्या हाताने बटणं दाबायला लावली. कमलचं बोट थरथरतं. एक दाबायला जावं तर तीन दाबली जायची, आणि मनगट काठावर घसरलं की ॲपच बंद व्हायचं. माझ्या तावात हा विषयच नव्हता. निलोफरने दोन्ही टॅबच्या सेटिंग उघडल्या. बोट क्षणभर टेकलेलं राहिलं तरच ते मोजायचं, आणि एका ॲपमधून चुकूनही बाहेर पडता येऊ नये, अशा दोन सोयी तिने दोन्हींत करून दाखवल्या. "हे दोघांनाही येतं, सर. कपाटं वेगवेगळी आहेत, सामान तेच आहे."

तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "काकूंच्या हातून पडेल ना हा?"

"पडेल की."

"आयपॅड पडला तर त्याची काच मला बाहेरून मागवावी लागते. चार-पाच दिवस धरा. दिपमालाताईंचा पडला तर त्याची काच माझ्या खोक्यात आहे. दुपारी एकला पडू द्या, तीनच्या आत उभा करून देते. तुम्हाला तीनला लागतो ना?"

मी तिला चिडवलं, "आणि तुझे तीन दिवस?"

"ते बघू तेव्हाचं तेव्हा," ती म्हणाली आणि पुन्हा हातातल्या फोनवर वाकली.

माझ्या तावावर सात गुणांनी मागे पडलेला टॅब असा घरी आला. कुंदन दोन दिवस रुसला, मग त्याने आपला आयपॅड आमच्याकडेच राहू दिला. नातवाला बघायला तो उत्तम आहे. त्याच्यावर नातवाच्या गालावरचं तीटसुद्धा स्पष्ट दिसतं.

ॲपमधली चाळीस वाक्यं मी लिहून दिली. शुद्ध मराठीत. टॅबमधली बाई ती बातम्या दिल्यासारखी स्वच्छ म्हणायची. अक्कांना चकित करावं म्हणून मी आधी काही सांगितलं नाही. तीन वाजता माझ्या मोबाइलवरून फोन लावला आणि आवाज मोठा करून तो टॅबशेजारी ठेवला.

"कोन?" अक्कांचा आवाज आला.

कमलने बटण दाबलं. "नमस्कार. मी कमल बोलत आहे. आपण कशा आहात?"

"माले लोन नको," अक्का म्हणाल्या आणि फोन बंद केला.

पुन्हा लावला. पुन्हा 'नमस्कार' झालं.

"सांगं ना व बाई, नको माले. पोर्‍याले इचार."

मला हसू आवरेना. पण कमल हसली नाही. तिने टॅब पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी मी अक्कांना फोन करून सगळं समजावलं. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "ती कमल नही, भाऊ. कमल माले कधी 'आपण' म्हनस का?"

दुसऱ्या दिवशी कमल टॅबकडे फिरकलीच नाही. मी हे निलोफरला सांगितलं, तर ती दुपारी अर्धा तास दुकान बंद करून घरी आली. कमलच्या पलंगावर बसून म्हणाली, "काकू, माझ्या अम्मीच्या आवाजात भरू का सगळं? ती बठ्ठं खान्देशीतच बोलते, तुमच्यासारखं."

ताजबी, म्हणजे तिची अम्मी, कमलच्याच वयाची. कल्पना मला पटली. कमलने मात्र मान हलवली आणि डावा हात आपल्या छातीवर आपटला. एकदा, मग पुन्हा.

"तुमचाच आवाज पाहिजे?" निलोफर म्हणाली. "तो मी कुठून आणू, काकू?"

कमल उठली. कपाटाला धरत, एकेक पाऊल टाकत तिने शिवणाचा बिस्किटांचा डबा काढला आणि पलंगावर उपडा केला. रिळं, बटणं, काजं करायची कात्री, आणि त्या सगळ्याखाली तिचा जुना फोन. बॅटरी फुगून त्याचं झाकण उचललं गेलं होतं. मी तो भंगारात टाकायला काढला होता. तिने कधी लपवला मला कळलं नव्हतं. आताही तो का काढला ते मला कळलं नाही. निलोफरला कळलं.

"काकू, तुम्ही व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायच्या?"

कमलने जोरजोरात मान डोलावली.

खरंच की. टाइप करायचा तिला कंटाळा. दिपमालाने तिला माइकच्या खुणेवर बोट दाबून धरायला शिकवलं आणि तेव्हापासून पाच वर्षं ती मुलांना बोलूनच निरोप पाठवत होती.

निलोफरने ती फुगलेली बॅटरी हलक्या हाताने वेगळी केली. नवी बॅटरी जळगावहून आली. दुकानात आमच्यासमोर फोन सुरू झाला आणि त्याने नऊ ठिपके दाखवून खूण मागितली. निलोफरने माझ्याकडे पाहिलं. मला ती खूण माहीत नव्हती. मी काही सांगायच्या आत कमलचं डावं बोट पुढे आलं आणि त्या ठिपक्यांवरून खाली, आडवं आणि वर असं सरळ फिरलं. थरथरलं नाही. फोन उघडला.

निलोफरने डोळ्यावरचं भिंग काढलं. दुकानात ते काढलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

फोनमध्ये कमलचे एकवीसशेच्या वर निरोप होते. अँड्रॉइडमध्ये अशा फाइली उघड्यावर असतात, उचलून दुसरीकडे ठेवता येतात; आयफोनातूनही काढता आल्या असत्या पण वळसा पडला असता, असं निलोफर म्हणाली. ऐकून निवडायचं काम माझ्याकडे आलं. कानाला हेडफोन लावून, वही घेऊन मी अकरा दिवस ऐकत होतो. मुलांच्या पोटाची काळजी, शेजारच्या लताबाईंच्या पापडांची निंदा, आणि माझ्याविषयी बरंच काही. "तुना बाप रुसी बठेल शे. चहामा साखर कमी पडनी म्हनीसन." हे दिपमालाला गेलेलं. तारीख बघितली, रुसलेलं मला आठवत नव्हतं. साखर आठवत होती.

मी चाळीस वाक्यं निवडली. 'तब्येत सांभाळ', 'देव सुखी ठेवो' अशी, सगळी चांगली. कमलने ती एकेक करून ऐकली आणि तीस काढून टाकली. मग वहीतली मी खोडलेली वाक्यं बोटाने दाखवत गेली. 'काय करी र्‍हायनी?' 'कंटाळा उना माले.' 'खोटं नको बोलू.' तीन सेकंदांचं एक हसणं. आणि एक नुसतं 'मंग?', जे वाक्य म्हणून मी मोजलंही नव्हतं. ते तिला सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या बटणावर हवं होतं.

निलोफरने एकेक तुकडा कापून स्वच्छ केला. एका वाक्यामागे कुकरची शिट्टी वाजते. ती काढू लागली तर कमलने तिचा हात धरला. शिट्टी राहिली.

बुधवारी दुपारी काम पुरं झालं. आम्ही दोघं दुकानात होतो. निलोफरने टॅब पुसला, त्याच्या पाठीवर नावाची पट्टी लावली आणि सवयीने फळीवर ठेवला. कमल काउंटरला धरून उभी होती. ती काही मागत नव्हती. तिने फक्त भिंतीवरच्या गफूरभाईंच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वादोन झाले होते.

निलोफरने कमलकडे पाहिलं, मग फळीकडे. मग टॅब उचलून तिने कमलच्या डाव्या हाताखाली दिला.

"अब्बा असते तर रागावले असते," ती म्हणाली. "तीन दिवस हा इथे राहायला पाहिजे. आता मी तिकडे येते. तीन दिवस, रोज अडीचला. चला, सर, रिक्षा बघा."

तीनला फोन लावला. निलोफर दाराशी उभी होती.

"कोन?"

"मीच शे व. दुसरं कोन र्‍हाई?" कमलचा आवाज घरात घुमला. एकदा नंबर बदलल्यावर तिने दिपमालाला पाठवलेलं हे वाक्य होतं.

पलीकडे एक भांडं खणखणत पडलं.

"कमल?"

"मंग?"

"कमल, तू बोलनी?"

"मंग?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग अक्का तापल्या. "इतला दिन कोठे व्हती व तू? आनि आते माले 'मंग' करस?" त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. सुनेचं झालं, गुडघ्यांचं झालं, म्हशीने दोन दिवस दूध दिलं नाही ते झालं. मध्येच कमलने बटण दाबलं, "खोटं नको बोलू."

"खोटं कसाले बोलू व? ये, देखी जाय म्हैस."

कमलने हसण्याचं बटण दाबलं. पण त्याआधीच ती स्वतः हसली होती, त्यामुळे घरात दोन हसणी एकदम ऐकू आली.

मी वळून पाहिलं तेव्हा निलोफर पुढच्या ओट्यावर जाऊन बसली होती. मीही तिथे गेलो. मी तिचे आभार मानणार, त्याआधी तीच म्हणाली, "सर, बॅटरी अठ्ठावन्नवर होती. उद्या दोनला चार्जिंगला लावा, विसरू नका."

कबूल केल्याप्रमाणे ती तीन दिवस अडीचला आली. टॅब माठाशेजारी आहे का, तापला आहे का, बोट घसरतं आहे का, हे बघायची आणि तीनच्या ठोक्याला ओट्यावर जायची. तिसऱ्या दिवशी तिने टॅबच्या पाठीवरची नावाची पट्टी काढून आपल्या पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "झाला मुक्काम."

जूनमध्ये टॅब पडला. काच तडकली तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मी धावतच दुकान गाठलं. निलोफर जेवायला बसली होती. तिने डबा झाकून ठेवला. तीनला दहा मिनिटं असताना टॅब घरी होता. माझी शहाऐंशी आणि एकोणऐंशीची बेरीज अजून कपाटात आहे. तिच्यात निलोफर हा विषय धरलेला नव्हता, एवढीच चूक होती. इतकी वर्षं शिकवून झाल्यावर अशी चूक कुणी दाखवून द्यावी, याचं मला बरंच वाटतं.

एक बटण राहिलं सांगायचं. एका निरोपात कमल दिपमालाशी बोलता बोलता मध्येच मला काही म्हणाली होती आणि तेही त्यात ध्वनिमुद्रित झालं होतं. मी ते ऐकलं आणि वहीत लिहिलं नाही. कमलने ते स्वतः शोधून काढलं आणि निलोफरकडून टॅबवर घालून घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यातच एकदा तीन वाजायला आले तरी मी मागच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. टॅबमधून कमलचा आवाज आला, "आते तुम्ही पुढे जा बरं."

त्यानंतर मी रोज तीनला पाच मिनिटं कमी असताना तिथे मुद्दाम बसून राहतो. ती ते बटण दाबते. मग मी उठतो आणि पुढच्या ओट्यावर जातो.